नेपाळमधल्या कर्णबधिर आणि दिव्यांग मुलांच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून जाताना

परदेशात जाऊन दिव्यांग मुलांसाठी काही काम करायची इच्छा असेल, तर मराठी माणसाला नेपाळ सगळ्यात सोयीचा. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, पाट्या आणि पाठ्यपुस्तकं देवनागरीत, खर्चही आवाक्यातला. मात्र सोय आहे म्हणून बरेच जण तयारी न करताच जातात, आणि मग आधीच कमी असलेल्या शिक्षकांना या पाहुण्यांची सरबराई करत बसावं लागतं.

तुम्ही तिथे काही आठवडे असणार आणि शिक्षक वर्षानुवर्षं, हे धरून सगळं नियोजन करा. तुमच्यामुळे शिक्षकांच्या हाताला मदत झाली आणि मुलांची भाषा, कानाचं मशीन, बसणं-जेवणं थोडं सुधारलं, तर जाण्याचा उपयोग झाला. मुलांना लळा लावून निघून येणं त्यांच्या दृष्टीने नुकसानीचं आहे, विशेषतः वसतिगृहात राहणाऱ्या मुलांच्या.

जागा निवडताना

अनाथालयात जाऊ नका. नेपाळमधल्या अशा संस्थांतल्या अनेक मुलांचे आईवडील किंवा जवळचे नातेवाईक हयात असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून मुलांना डोंगरातल्या गावांतून आणायचं आणि पर्यटक-स्वयंसेवकांच्या पैशावर संस्था चालवायची, हे प्रकार तिथे वारंवार उघडकीला आले आहेत. दिव्यांग मूल तर घरच्यांना 'आता त्याची सोय झाली' असं सांगून सहज दूर नेता येतं. शाळा, उपचार केंद्र, दिव्यांगांची स्वतःची संघटना किंवा पालकांनी चालवलेलं केंद्र, एवढ्याच जागा बघा.

नेपाळमधली कर्णबधिरांची पहिली शाळा १९६६ मध्ये काठमांडूत सुरू झाली. तेव्हा भर बोलायला शिकवण्यावर होता. सांकेतिक भाषा वर्गात नंतर आली आणि त्यामागे मोठ्या झालेल्या कर्णबधिर मुलामुलींचा मोठा वाटा होता. काठमांडू बहिरा संघ १९८० पासून आहे. आज बाहेरच्या जिल्ह्यांतही कर्णबधिरांच्या शाळा आहेत आणि काही सर्वसाधारण शाळांमध्ये 'स्रोत कक्षा' म्हणजे या मुलांसाठी वेगळे वर्ग असतात. काठमांडूतल्या शाळांकडे पाहुण्यांची रीघ असते. जिल्ह्याच्या ठिकाणी हात कमी आणि काम जास्त, म्हणून आमचा कल तिकडेच.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या मुलांसाठी ललितपूरमधल्या धापाखेलला १९८७ साली स्थापन झालेल्या गटाचं केंद्र आहे. हाडांच्या आणि चालण्याच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी काभ्रे जिल्ह्यात बनेपाजवळ मोठं रुग्णालय आणि पुनर्वसन केंद्र आहे. अशा ठिकाणी फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ यांचा खरा उपयोग होतो. हे शिक्षण नसेल तर तिथे थेट मुलांना हात लावण्याचं काम मागू नका. नोंदी, साहित्य, हिशेब, व्हिडिओ संपादन यातलं काही येत असेल तर तसं स्पष्ट कळवा.

मध्यस्थ कंपनीतर्फे जाणार असाल तर पैशांचा तपशील लेखी मागा: राहण्या-जेवणाचे किती, शाळेच्या खात्यात किती, कंपनीचे किती. तिसऱ्या आकड्याला उत्तर देताना टाळाटाळ झाली तर तो नाद सोडा आणि शाळेला थेट लिहा.

पत्र मुख्याध्यापकांना लिहायचं, एका पानात. स्वतःबद्दल दोन ओळी पुरेत. बाकीचं पान प्रश्नांना द्या. सध्या कुठल्या कामाला माणूस कमी पडतो? शाळेत कर्णबधिर शिक्षक किती? मला शिकवायला आणि माझ्यावर लक्ष ठेवायला कोण असेल? मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम आहेत का? संस्था जिल्हा प्रशासन कार्यालयात नोंदलेली आणि समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का? (सरकारी शाळा असेल तर हा प्रश्न गैरलागू, तिथे विद्यालय व्यवस्थापन समितीची संमती लागते.) तुमचा गुन्हेगारी पार्श्वभूमीचा दाखला कोणीच मागितला नाही, तर ती जागा नको. तुमच्याकडे जो मागत नाही, तो इतरांकडेही मागत नसणार.

कागदपत्रं

१९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे भारतीय नागरिकांना व्हिसा नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. १५ ते ६५ या वयातल्या व्यक्तीला विमानतळावर आधार कार्ड चालत नाही आणि इथे दरवर्षी कोणी ना कोणी अडकतं. शक्यतो पासपोर्टच न्या. सिमकार्ड घेताना आणि खोली घेतानाही तोच कामाला येतो.

अमेरिकन, ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना मात्र ही सवलत नाही. ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड) नेपाळमध्ये उपयोग शून्य. पर्यटक व्हिसावर तिथे बिनपगारी कामही करता येत नाही. 'सगळे तसंच करतात' असं एजंट सांगेल, पण दंड आणि परत पाठवणी तुमच्या वाट्याला येते आणि शाळेलाही जाब द्यावा लागतो. शाळेला किंवा संस्थेला आधी योग्य व्हिसाची प्रक्रिया करायला सांगा.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, शुल्क ५०० रुपये. महाराष्ट्र पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रही काढता येतं. दोन्हींना स्थानिक पोलीस ठाण्याची फेरी लागते, तेव्हा निदान दोन महिने आधी अर्ज करा. शिक्षक असाल तर शाळेचं पत्र आणि विशेष शिक्षणाची पदविका असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीची प्रतही सोबत ठेवा. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात आणि गोवर या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा. तुम्हाला खोकला-ताप असेल तर वर्गात जायचं नाही, हे आधीच ठरवून टाका.

शाळेकडून येणाऱ्या पत्रावर विक्रम संवताची तारीख असेल. नेपाळचा वैशाख आपल्या पंचांगातला नव्हे. तो एप्रिलच्या मध्याला सुरू होतो. एप्रिल २०२५ मध्ये तिथे २०८२ साल लागलं. तारखांची खात्री इंग्रजी महिन्यांत करून मगच तिकीट काढा.

कधी आणि किती दिवस

आपल्याकडच्या शिक्षकांसाठी मे महिना उत्तम जमतो. आपल्याला उन्हाळी सुट्टी असते आणि नेपाळमध्ये नवं शैक्षणिक वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं. वैशाखाचे पहिले दिवस प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातात, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात पोहोचलेलं चांगलं. दसैं आणि तिहार, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या आसपास, लांब सुट्टी असते आणि वसतिगृहातली मुलं घरी जातात. पावसाळ्यात रस्ते दरडींनी बंद पडतात. डिसेंबर-जानेवारीत डोंगरातल्या शाळांना थंडीची सुट्टी असू शकते. साप्ताहिक सुट्टी शनिवारची. 

पंधरा दिवसांसाठी जाण्यात अर्थ नाही. पहिले दोन आठवडे खुणा शिकण्यात आणि मुलांची ओळख होण्यातच जातात. सहा आठवडे ही किमान मुदत धरा, तीन महिने जमले तर फारच छान. तेवढा वेळ नसेल तर मुलांच्या वर्गात न जाता एखादं ठरावीक काम घ्या: चित्रकार्डांचा एक संच, वाचनालयाची मांडणी, शिक्षकांना संगणकावर व्हिडिओ जोडायला शिकवणं.

मुंबईहून स्वस्तात जायचं तर लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूर, तिथून बसने सोनौली आणि पायी सीमा ओलांडून पुढे भैरहवा. पैशांचं सोपं: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये, हा दर स्थिर आहे. शंभर आणि त्याखालच्या भारतीय नोटा सहज चालतात. यूपीआय काही दुकानांत चालतं, पण जिल्ह्याच्या गावात रोख हवीच.

खुणांची भाषा

नेपाळी सांकेतिक भाषा ही वेगळी भाषा आहे. भारतीय सांकेतिक भाषा येणाऱ्याला बरंच काही अंदाजाने कळतं, पण शब्द वेगळे आणि बोटांची वर्णमालाही वेगळी. भारतात इंग्रजी अक्षरं बहुधा दोन हातांनी दाखवतात. नेपाळी वर्णमाला एका हाताची आणि देवनागरी अक्षरांची आहे. देवनागरी येते म्हणून आपल्याला ती पटकन पाठ होते. निघण्यापूर्वी 'क' ते 'ज्ञ' आरशासमोर रोज वीस मिनिटं करा. तीन आठवड्यांत हात बसतो. तळहात समोरच्याकडे, कोपर अंगाजवळ स्थिर, आणि एकेका अक्षराला झटका न देता. घाईघाईत शब्द लिहिणाऱ्या हाताकडे लहान मुलं बघतसुद्धा नाहीत.

भारतीय सांकेतिक भाषेचा प्राथमिक अभ्यासक्रम आधी केलात तर फायदा नक्की आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करता येते, आणि दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश घरबसल्या बघता येतो. त्यातून चेहऱ्याचा वापर, जागेचा वापर, डोळ्याला डोळा ठेवणं या सवयी लागतात. त्या दोन्ही भाषांत लागतात आणि ऐकणाऱ्या माणसाला त्याच सगळ्यात अवघड जातात.

काठमांडूत उतरल्यावर पहिले दहा दिवस एखाद्या कर्णबधिर शिक्षकाकडे रोज दोन तास शिकवणी लावा आणि तिचे पूर्ण पैसे द्या. कर्णबधिर संघटनेकडे विचारलं तर शिकवणारं माणूस मिळतं. हे पैसे वाचवू नका. सगळ्या दौऱ्यातला सर्वात सत्कारणी लागणारा खर्च हाच. खुणेचं नाव, म्हणजे तुम्हाला ओळखायची खास खूण, स्वतः ठरवू नका, ते कर्णबधिर माणसं तुम्हाला देतील.

महाराष्ट्रातल्या कर्णबधिर तरुणांना तर आग्रहाने सांगणं आहे की तुम्ही जा. बहुसंख्य कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. डोंगरातल्या गावातलं मूल सात-आठ वर्षांचं होऊन शाळेत येतं, तोवर त्याने खुणांनी भरभर बोलणारा मोठा माणूस कधी पाहिलेलाच नसतो. नोकरी करणारा, प्रवास करून आलेला कर्णबधिर माणूस समोर दिसणं त्या मुलासाठी फार मोठी गोष्ट आहे. ऐकणारे दहा स्वयंसेवक ते देऊ शकत नाहीत.

वर्गात

पहिला आठवडा मागे बसून फक्त बघा. मुलांना कोणत्या खुणा येतात, शिक्षक लक्ष कसं वेधतात, कोण कुठे बसतं, हे वहीत टिपा.

नंतर हात लावायचा तो मांडणीला. बाकं घोड्याच्या नालेच्या आकारात, म्हणजे प्रत्येकाला शिक्षकाचे आणि इतर सगळ्यांचे हात दिसतील. शिकवणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको. उजेड मागून आला की चेहरा काळा पडतो आणि मुलांचे डोळे तासाभरात थकतात. अंगात एकरंगी सदरा किंवा कुर्ता, आपल्या हातांच्या रंगाहून वेगळा दिसणारा. बारीक फुलांची नक्षी, चमचमत्या बांगड्या, मोठ्या अंगठ्या नकोत.

बोलावताना हवेत हात हलवा, खांद्यावर हलकी थाप द्या किंवा दिवा उघडझाप करा. हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचं नाही. खडू फेकून लक्ष वेधणं तर अजिबात नाही.

सगळ्यात नेहमीची चूक अशी: चित्र दाखवता दाखवता खूण करणं, किंवा फळ्यावर लिहिता लिहिता समजावणं. ऐकणारं मूल चित्र बघत ऐकू शकतं. कर्णबधिर मुलाला दोन्हींसाठी डोळेच आहेत, ते एका वेळी एकाच ठिकाणी जातात. म्हणून क्रम ठरलेला: खूण करा, थांबा, चित्राकडे बोट दाखवा, मुलांची नजर चित्रावर जाऊन तुमच्याकडे परत येईपर्यंत तीन-चार सेकंद गप्प राहा, मग पुढची खूण. हे थांबणं सुरुवातीला फार लांबल्यासारखं वाटतं. तरीही थांबा.

चाळीस मिनिटांच्या तासाला आठच नवे शब्द पुरेत. उदाहरणार्थ चहा करण्याची सहा चित्रं घ्या. कर्णबधिर शिक्षक ती गोष्ट खुणांत सांगतात. मग चित्रं विस्कटून मुलं क्रम लावतात. मग दोन मुलं पुढे येऊन तीच कृती खुणांत सांगतात. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, दहा-बारा मिनिटं. लिहिणं शेवटी, आणि तेही दोन-तीन वाक्यांपुरतं. नेपाळीतले ले, लाई, मा हे प्रत्यय आपल्या ने, ला, त सारखे. कर्णबधिर मुलांच्या लिखाणातून नेमके तेच गळतात, कारण खुणांमध्ये ही नाती जागेने आणि दिशेने दाखवली जातात. ते दुरुस्त करायचं काम नेपाळी शिक्षकांचं. तुम्ही चित्रं काढा, कार्डं कापा, मागे पडलेल्या दोन मुलांजवळ बसा. गणित आणि चित्रकला हे बाहेरच्या माणसासाठी सगळ्यात बरे विषय, फक्त अंकांच्या खुणा तिथल्याच वापरा.

कानाचं मशीन

सगळ्या मुलांकडे श्रवणयंत्र नसतं आणि ज्यांच्याकडे असतं त्यातली पुष्कळ पेटीत पडून असतात. कारणं साधी असतात: सेल संपला, मशीनमधून कानाकडे आवाज नेणारी नळी कडक झाली, कानात बसणारा मापाचा साचा लहान पडला. इथे हाताने करण्यासारखं भरपूर काम आहे आणि ते शिकायला पदवी लागत नाही. शाळेने परवानगी दिली तर सकाळी प्रार्थनेनंतर वीस मिनिटांची तपासणी सुरू करा, आणि पहिल्या दिवसापासून एका स्थानिक शिक्षकाला सोबत घ्या.

क्रम असा. आधी कान बघा. पू, पाणी किंवा दुर्गंधी असेल तर त्या कानात मशीन घालायचं नाही. मुलाला आरोग्य केंद्रात न्यायला सांगा. कानात तेल टाकायचं नाही, कोणी सुचवलं तरी. मग साच्याचं भोक उजेडासमोर धरून बघा, मळ असेल तर बारीक तारेने काढा. नळी दाबून बघा: मऊ हवी. पिवळी पडून ताठ झालेली नळी आवाज दाबते आणि साचा कानातून ओढते. ती तीन ते सहा महिन्यांनी बदलावी लागते. थंडीत सकाळी नळीच्या आत पाण्याचा थेंब साचतो, कारण कानाजवळची गरम दमट हवा थंड नळीत येते. एक थेंबही आवाज अडवतो. साचा मशीनपासून वेगळा करून रबरी फुग्याने फुंकर मारली की थेंब निघतो.

सेल झिंक-एअर प्रकारचे असतात आणि चिकटपट्टीच्या रंगावरून ओळखतात: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. पट्टी काढल्यावर हवा आत जाऊन सेल सुरू होतो, म्हणून तीन-चार मिनिटं उघडा ठेवा आणि मग बसवा. लगेच बसवला तर मशीन कमजोर चालतं आणि लोक सेल खराब समजून फेकून देतात. उलट, पट्टी काढलेला सेल न वापरताही उतरत जातो, त्यामुळे पाकीटभर सेलच्या पट्ट्या एकदम काढू नका. रोज दहा-बारा तास वापर असेल तर १३ नंबरचा सेल साधारण एक ते दोन आठवडे टिकतो. वापरलेले सेल लहान मुलांच्या हाती लागता कामा नयेत. गिळला तर थेट रुग्णालय. उलटी करवायची नाही.

मग स्टेथोक्लिपने (मशीनचा आवाज आपल्या कानाने ऐकायची, स्टेथोस्कोपसारखी नळी) स्वतः ऐका. खरखर, तुटक आवाज, अजिबात आवाज नाही, जे असेल ते लिहून ठेवा. शेवटी मुलाच्या कानात बसवून, ऐकू येतं का ते तपासायचे लिंगचे सहा आवाज काढा: म, ऊ, आ, ई, श, स. तोंडासमोर कागद धरा, आधी एक मीटरवरून, मग तीन मीटरवरून. आवाज ऐकू आला की मूल मणी डब्यात टाकतं. दोन आवाजांमधलं अंतर कमी-जास्त ठेवा, नाहीतर मुलं तालावरून मणी टाकू लागतात. तीव्र बहिरेपणात श आणि स मशीन लावूनही ऐकू येणार नाहीत. तो मशीनचा दोष नव्हे. काल ऐकू आलेला आवाज आज आला नाही, एवढंच आपण शोधतोय.

मशीन शिट्टी वाजवतंय म्हणून आवाज कमी करणं ही दुसरी नेहमीची चूक. शिट्टी थांबते, आणि मुलाला ऐकू येणंही. साचा नीट बसलाय का, कानात मळ आहे का, नळीला चीर आहे का, लोकरी टोपी मशीनवर दाबली गेलीय का, हे आधी बघा. मूल वाढतं तसा कान वाढतो. लहान मुलांचा साचा काही महिन्यांतच सैल पडतो आणि मोठ्या मुलांचा साधारण वर्षभरात. नवा साचा हाच तिथे उपाय. रात्री सेल काढून, झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डब्यात. सेल त्या डब्यात ठेवला तर तोही सुकून निकामी होतो.

मुंबई-पुण्यातून जुनी श्रवणयंत्रं गोळा करून नेऊ नका. प्रत्येक मशीन त्या मुलाच्या ऑडिओग्रामप्रमाणे (श्रवणचाचणीच्या आलेखाप्रमाणे) लावावं लागतं. दुसऱ्याचं जोरकस मशीन तसंच बसवलं तर उरलेलं ऐकणंही बिघडू शकतं. सेल, नळ्या, रबरी फुगे, सिलिका जेल न्या. सेलचे नंबर शाळेला आधी विचारून.

इतर दिव्यांग मुलांसोबत

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवणं हे प्रेमाचं काम दिसतं आणि त्यात धोका मोठा आहे. आई किंवा थेरपिस्ट शेजारी उभी राहून शिकवेपर्यंत चमचा हातात घेऊ नका. मूल सरळ बसलेलं, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून, डोळ्यांच्या पातळीखालून. वरून चमचा आला की मूल मान मागे टाकतं, श्वासनलिका उघडी पडते आणि घास फुप्फुसात जातो. पातळ डाळ भाताबरोबर तशीच दिली तर ती घशात वेगाने उतरते. कालवून घट्ट करा. गिळल्याचं दिसल्यावरच पुढचा घास. खोकला, डोळ्यांत पाणी, घशात घरघर यांतलं काहीही झालं की थांबायचं. एका जेवणाला पाऊण तास लागू शकतो, तेवढा द्या. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

व्हीलचेअर मुलाच्या मापाची नसेल तर त्याची पाठ वाकते आणि जखमा होतात. बैठक नितंबांच्या रुंदीएवढी. गुडघ्यामागे आणि बैठकीच्या कडेत दोन बोटांचं अंतर. पायपट्टी अशा उंचीवर की मांड्या पूर्ण टेकतील. दिवसातून दोनदा त्वचा बघायला सांगा. अर्ध्या तासात न जाणारी लाली म्हणजे जखमेची सुरुवात. ही तपासणी मुलाला ओळखणाऱ्या काळजीवाहकानेच करायची.

आकडीचा (फिटचा) झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, घड्याळ बघा. कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही. पाच मिनिटांहून जास्त चालला तर रुग्णालय.

नेपाळमधल्या दिव्यांग ओळखपत्राचे चार रंग असतात: लाल, निळं, पिवळं आणि पांढरं, तीव्रतेच्या उतरत्या क्रमाने. दरमहाचा सरकारी भत्ता लाल आणि निळ्या कार्डाला मिळतो. कोणत्या मुलाला कोणतं कार्ड मिळावं, यावर पालकांसमोर मत देऊ नका. त्यावर घराचा हिशेब अवलंबून असतो.

मुलांची सुरक्षितता

२०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आढाव्यानुसार दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट असते. कर्णबधिर मुलाला झालेला प्रकार सांगायला भाषा नसते, आणि असली तरी ती समजणारं माणूस पोलीस ठाण्यात नसतं. त्यामुळे नियम आधी स्वतःवर लागू करा. एकट्या मुलासोबत बंद खोलीत नाही, उघड्या दाराने आणि दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेतच. रात्री वसतिगृहात थांबायचं नाही. अंघोळ, कपडे बदलणं ही कामं शाळेच्या माणसांची. खाऊ, मोबाईल, भेटवस्तू एखाद्याच मुलाला नाहीत. समाजमाध्यमांवर मुलांचे चेहरे, शाळेचं नाव आणि गावाची खूण एकत्र टाकायची नाही. शाळेने परवानगी दिली, म्हणजे त्या मुलाने आणि आईवडिलांनी दिली असं होत नाही.

मुलांना मारणं नेपाळमध्ये २०१८ च्या कायद्याने बंद आहे, घरातही. तुमच्यासमोर मार बसला, किंवा मुलाने काही भयंकर सांगितलं, तर मुलाला उलटसुलट प्रश्न विचारू नका. त्याने जसं दाखवलं तसं, तारीख-वेळेसह, त्याच दिवशी लिहा. जबाबदार व्यक्तीला सांगा. तीच व्यक्ती गुंतलेली असेल तर १०९८ या बाल मदतवाहिनीवर. दुभाषी म्हणून त्या शाळेतलं माणूस घेऊ नका, बाहेरून मागवा.

निघताना

निघण्याची तारीख मुलांना पहिल्याच आठवड्यात भिंतीवरच्या कॅलेंडरवर दाखवा आणि रोज एक चौकट खोडू द्या. न सांगता गायब झालेली मोठी माणसं या मुलांनी पुष्कळ पाहिलेली असतात. 'परत येईन' हे तिकीट काढलेलं असेल तरच सांगायचं.

शेवटचा आठवडा नवं काहीही सुरू करू नका. चित्रकार्डं विषयवार पाकिटांत लावा आणि पाकिटावर नेपाळीत नाव लिहून घ्या. मशीनच्या वहीत प्रत्येक मुलापुढे सेलचा नंबर, नळी बदलल्याची तारीख, साचा घेतल्याची तारीख आणि सहा आवाजांची नोंद असू द्या. शेवटचे पाच दिवस सकाळची तपासणी स्थानिक शिक्षकाने करायची आणि तुम्ही शेजारी नुसतं उभं राहायचं. त्यांना अडलं तर ते वहीत सापडतंय का बघा. सापडलं नाही तर तिथेच लिहून ठेवा.

पुढच्या वर्षी पुन्हा जमणार असेल तर नवी शाळा न शोधता त्याच शाळेत जा, कारण तिथल्या खुणा, मुलं आणि शिक्षक तुम्हाला आता माहीत असतात. नव्या वर्षाचं वेळापत्रक वैशाखाआधी ठरतं, तेव्हा मार्च महिन्यातच मुख्याध्यापकांना पत्र टाका आणि या वेळी कोणतं काम घ्यायचं ते त्यांनाच विचारा.